अंकीय कथाकथन, विशेष शिक्षणातील

दिव्यांग विद्यार्थ्यांच्या वर्गात संगणक, टॅब्लेट, भ्रमणध्वनी, ध्वनिमुद्रक इ. साधनांच्या साहाय्याने चित्र, छायाचित्र, आवाज, लिखित मजकूर, खुणांची भाषा आणि चलत्‌चित्र यांची सांगड घालून कथा रचण्याची व सांगण्याची अध्यापनपद्धती. सामान्य कथाकथनात सांगणाऱ्याची वाणी, स्मरणशक्ती व लेखणी या गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. विशेष शिक्षणात यांपैकी एक किंवा अधिक गोष्टी विद्यार्थ्यापाशी नसतात अथवा अपुऱ्या असतात. अंकीय साधने ही उणीव अन्य मार्गाने भरून काढतात : ज्याला बोलता येत नाही तो मुद्रित आवाजाने बोलतो, ज्याला लिहिता येत नाही तो चित्रे निवडून क्रम लावतो आणि ज्याला ऐकू येत नाही तो हस्तमुद्रांनी सांगितलेली कथा चलत्‌चित्रात साठवितो. अध्यापकाने तयार केलेली सचित्र कथा विद्यार्थ्याला दाखविणे हा या पद्धतीचा गौण प्रकार होय. विद्यार्थी स्वतः कथेचा कर्ता होणे हा तिचा मुख्य हेतू आहे.

पूर्वपीठिका : चित्रे पुढे धरून कथा सांगण्याची रीत प्राचीन आहे. महाराष्ट्रात सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथील ठाकर समाजात चित्रकथीची परंपरा आहे. तीत पोथीतील चित्रे एकामागून एक दाखवीत वाद्यांच्या साथीने कथा सांगितली जाते. चित्र, आवाज व क्रम हे तिचे तीन घटक अंकीय कथेतही कायम आहेत. बदलले आहे ते एवढेच, की आवाज व चित्र साठविता येतात, हवे तेव्हा थांबविता येतात आणि पुन्हापुन्हा ऐकविता येतात. विशेष शिक्षणाच्या दृष्टीने मात्र हा बदल फार मोलाचा आहे; कारण मंदगतीने शिकणाऱ्या मुलाला पुनरावृत्तीची व थांबून विचार करण्याची गरज असते आणि माणसापेक्षा यंत्र ही गरज अधिक सोशिकपणे भागविते.

‘अंकीय कथाकथन’ या संज्ञेला आजचा अर्थ अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात प्राप्त झाला. डेना ॲचली या कलावंताने १९९३ मध्ये लॉस अँजेल्स येथील अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये सामान्य माणसांसाठी कथाचित्रे बनविण्याचा वर्ग घेतला. पुढील वर्षी जो लँबर्ट, नीना मलेन व ॲचली यांनी सॅन फ्रान्सिस्को येथे या कामासाठी केंद्र काढले. १९९८ मध्ये ते बर्कली येथे ‘सेंटर फॉर डिजिटल स्टोरीटेलिंग’ या नावाने काम करू लागले व २०१५ पासून ‘स्टोरीसेंटर’ म्हणून ओळखले जाते. कथा सांगणाऱ्याच्या स्वतःच्या आयुष्यातील असावी, त्याच्याच आवाजात असावी, तीत थोडीच छायाचित्रे असावीत आणि ती दोन ते पाच मिनिटांची असावी, असे तिचे स्थूल स्वरूप तेथे निश्चित झाले. ब्रिटनमध्ये डॅन्येल मेडोज यांच्या प्रेरणेने बीबीसीने २००१ ते २००८ या काळात वेल्समधील सामान्य नागरिकांच्या अशा कथा प्रसारित केल्या. ह्यूस्टन विद्यापीठातील बर्नार्ड रॉबिन यांनी शालेय शिक्षणाच्या दृष्टीने या कथांचे वैयक्तिक, ऐतिहासिक व माहितीपर असे तीन वर्ग पाडले.

विशेष शिक्षणात याला पोषक असे प्रवाह त्यापूर्वीच निर्माण झाले होते. चार्ल्स ब्लिस यांनी आंतरराष्ट्रीय लेखनासाठी कल्पिलेली व १९४९ मध्ये प्रसिद्ध केलेली चिन्हलिपी १९७१ मध्ये कॅनडातील टोराँटो येथे वाचाहीन मुलांच्या शिक्षणात प्रथम वापरण्यात आली. १९८० नंतर चित्रचिन्हांचे सुलभ संच छापील व पुढे संगणकीय स्वरूपात मिळू लागले. अँडी बाँडी व लोरी फ्रॉस्ट यांनी १९८५ च्या सुमारास अमेरिकेत चित्रांच्या देवघेवीतून संप्रेषण शिकविण्याची पद्धत विकसित केली. कॅरल ग्रे यांनी १९९१ मध्ये स्वमग्न मुलांसाठी ‘सामाजिक कथा’ हा प्रकार रूढ केला. केस कापून घेणे, दवाखान्यात जाणे, गर्दीत थांबणे अशा प्रसंगांत काय घडते व लोक काय अपेक्षितात, हे त्यात लहान वाक्यांतून सांगितलेले असते. कसे वागावे हे सांगणाऱ्या वाक्यांपेक्षा परिस्थितीचे वर्णन करणारी वाक्ये अधिक असावीत, हा तिचा नियम आहे. अध्यापकाने मुलासाठी लिहिलेली कथा ते मुलाने स्वतः रचलेली कथा, असा या प्रवाहाचा पुढील विकास झाला.

शैक्षणिक आधार : कथा म्हणजे केवळ घटनांची यादी नव्हे. विल्यम लबॉव्ह व जॉशुआ वालेट्‌स्की यांनी १९६७ मध्ये बोलीतील अनुभवकथनांचे विश्लेषण करून त्यांत प्रसंगाची मांडणी, गुंतागुंत, मूल्यांकन, उकल व समारोप असे घटक दाखवून दिले. यांतील मूल्यांकन, म्हणजे ‘मला काय वाटले’ हे सांगणे, हा कथेचा प्राण होय. ‘आम्ही बागेत गेलो, झोका खेळलो, घरी आलो’ ही नोंद आहे. ‘झोका उंच गेला, मी घाबरलो, तरी उतरलो नाही’ ही कथा आहे.

वाचाहीन मुलांच्या बाबतीत नेमका हाच भाग वंचित राहतो. चित्रफलक किंवा संवादयंत्र वापरणाऱ्या मुलाला बहुधा दोनच कामे दिली जातात : मागणे आणि उत्तर देणे. पाणी, भूक, शौचालय, होय, नाही या शब्दांची सोय फलकावर प्रथम केली जाते. संध्याकाळी घरी आल्यावर ‘शाळेत काय झाले?’ या प्रश्नाला इतर मुले ज्या ओघाने उत्तर देतात, तो ओघ या मुलाच्या वाट्याला येत नाही; त्याच्या दिवसाचा वृत्तांत शिक्षिकेच्या वहीतून पालकांना कळतो. परिणामी दहा-बारा वर्षांच्या मुलानेही स्वतःविषयी कधी काहीच सांगितलेले नसते. त्याच्याविषयी मात्र सर्वांनी सांगितलेले असते. हा केवळ भाषाविकासाचा प्रश्न नाही. आपल्यावर काय गुदरले हे सांगता न येणारे मूल दुखणे, भीती अथवा कोणी केलेला गैरव्यवहार यांविषयीही मूक राहते. त्यामुळे कथनक्षमता ही त्याच्या सुरक्षिततेशी निगडित आहे.

स्कॉटलंडमधील ॲबर्डीन व डंडी या विद्यापीठांतील संशोधकांनी २००८ नंतरच्या काळात याच प्रश्नावर एक प्रयोग केला. मूल दिवसभरात शाळेच्या कोणत्या खोलीत होते, कोणाला भेटले आणि कोणत्या वस्तू त्याने वापरल्या यांची नोंद संवेदकांद्वारे ठेवली जाई व शाळेतील कर्मचारी त्यात ध्वनिमुद्रित निरोपांची भर घालीत. वेळापत्रक व ही माहिती यांवरून संगणक छोटी वाक्ये रचून देई. मूल त्यातील हवी ती वाक्ये ठेवी, नको ती गाळी व ‘मला आवडले’, ‘मला आवडले नाही’ असा अभिप्राय जोडून घरी आपला दिवस सांगे. संगणकाने स्मरणाचा व वाक्यरचनेचा भार उचलावा आणि निवड व अभिप्राय मुलाकडे राहावा, ही या प्रयोगातील श्रमविभागणी पुढील कामास मार्गदर्शक ठरली आहे.

दृक् व श्राव्य या दोन्ही मार्गांनी आलेली माहिती अधिक पक्की होते, या ॲलन पैव्हिओ यांच्या उपपत्तीचाही या पद्धतीला आधार दिला जातो. परंतु रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांनी त्याची दुसरी बाजू पुढे आणली : विषयाशी संबंध नसलेली चित्रे, संगीत व हालचाल यांमुळे आकलन वाढत नाही, उलट घटते. लक्ष सहज विचलित होणाऱ्या मुलांच्या बाबतीत हा इशारा अधिकच लागू पडतो. अमेरिकेत १९८४ मध्ये स्थापन झालेल्या ‘कास्ट’ या संस्थेने मांडलेले ‘अध्ययनाचे सार्वत्रिक अभिकल्प’ हे तत्त्वही येथे उपयोगी पडते. माहिती मिळविण्याचे, आपले म्हणणे व्यक्त करण्याचे आणि रस घेण्याचे एकाहून अधिक मार्ग पाठातच ठेवावेत, असा त्याचा आशय आहे.

साधने : या कामासाठी वापरण्यात येणाऱ्या साधनांचे स्थूलमानाने पुढील चार वर्ग पडतात.

(१) साधी बोलकी साधने : एक मोठी कळ दाबताच एकच मुद्रित वाक्य ऐकविणारी, तसेच प्रत्येक दाबाला पुढचे वाक्य ऐकविणारी उपकरणे यांत मोडतात. हात, कोपर, गाल किंवा पाऊल यांपैकी ज्या अवयवावर मुलाचा ताबा असेल त्याने ही कळ दाबता येते. गंभीर बहुविकलांगता असलेल्या मुलाचा कथाकथनातील प्रवेश बहुधा येथूनच होतो.

(२) पुस्तक व चित्रपट्टी रचण्याची साधने : सादरीकरणासाठी कार्यालयात वापरले जाणारे पॉवरपॉइंट हे साधन जगभरच्या विशेष शाळांत बोलके पुस्तक बनविण्यासाठी वापरले जाते. प्रत्येक पानावर एक चित्र, एक वाक्य व एक ध्वनिमुद्रण एवढीच त्याची मांडणी असते. ‘बुक क्रिएटर’ हे साधन २०११ पासून याच कामासाठी उपलब्ध आहे. उत्तर कॅरोलायना विद्यापीठात २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘टार हील रीडर’ या संग्रहात अध्यापकांनी व विद्यार्थ्यांनी रचलेली सोपी पुस्तके असून ती एका कळीच्या साहाय्याने पान उलटून वाचता येतात. प्रथम बुक्स या भारतीय संस्थेने २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठीसह अनेक भाषांतील मुक्त परवान्याच्या सचित्र कथा असून त्या घेऊन, बदलून आपल्या वर्गाजोग्या करता येतात.

(३) संवर्धी व पर्यायी संप्रेषणाची साधने : यांत चित्रचिन्हांच्या चौकटी असतात व चौकट दाबताच शब्द उच्चारला जातो. मुंबई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत विकसित झालेले ‘जेलो’ हे विनामूल्य साधन मराठीतही वापरता येते. चेन्नई येथे तयार झालेले ‘आवाज’ हेही याच जातीचे आहे. स्पेनमधील ॲरागॉन प्रांताच्या शासनाने पुरस्कृत केलेला ‘आरासाक’ हा चित्रचिन्हसंग्रह अव्यापारी उपयोगासाठी खुला आहे.

(४) चलत्‌चित्र व हलती चित्रे रचण्याची साधने : भ्रमणध्वनीवरील छायाचित्रक व साधी संपादनसाधने यांत येतात. मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेने २००७ मध्ये प्रसृत केलेले ‘स्क्रॅच’ व २०१४ मधील त्याची लहान मुलांसाठीची आवृत्ती यांत चित्रांचे ठोकळे जुळवून पात्रांना चालविता-बोलविता येते.

साधन जितके अद्ययावत तितके चांगले, असा नियम नाही. ज्या साधनातील निवड मुलाला स्वतः करता येते ते श्रेष्ठ. एका पटलावर साठ चौकटी असलेले यंत्र चार चौकटीही न हाताळू शकणाऱ्या मुलापुढे ठेवल्यास कथा अध्यापकाचीच होते. याउलट मुलाची क्षमता वाढल्यावरही त्याला चारच चौकटींत अडकवून ठेवणे, हाही तितकाच मोठा दोष होय.

अक्षमतेनुसार उपयोजन : अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना सांगण्यासारखे पुष्कळ असते, लेखन व वाचन यांत त्यांचा अडसर असतो. त्यांनी कथा आधी बोलून मुद्रित करावी, मग ती ऐकत लिहावी, हा क्रम उपयुक्त ठरतो. मराठीत जोडाक्षरे, ऱ्हस्व-दीर्घ व मात्रांचे स्थान यांमुळे लेखन अडखळते व अडखळलेले मूल अवघड शब्द टाळून सोपे, निस्तेज वाक्य लिहिते. आधी आवाजात मुद्रित झालेली कथा त्याच्या खऱ्या शब्दसंपत्तीची साक्ष देते.

स्वमग्न मुलांना निश्चित आराखडा, ठरावीक क्रम व आवडीचा विषय यांचा आधार वाटतो. आगगाड्यांच्या वेळापत्रकात रमणाऱ्या मुलाने आगगाडीचीच कथा रचली, तर ते वैगुण्य मानू नये. त्या कथेत हळूहळू प्रवासी, निरोप, उशीर आणि वाट पाहणे आणता येते. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी स्वतःची छायाचित्रे रेखाचित्रांपेक्षा अधिक बोलकी असतात. तीन चित्रांपासून आरंभ करून ‘आधी, नंतर, शेवटी’ हा क्रम पक्का झाल्यावरच चित्रांची संख्या वाढवावी.

कर्णबधिर मुलांच्या कथेत ‘स्वतःचा आवाज’ या अटीचा अर्थ बदलतो. हस्तमुद्रा हाच त्यांचा आवाज होय. कथा भारतीय खुणांच्या भाषेत सांगून ती चलत्‌चित्रात मुद्रित करावी व लिखित मराठी मथळे मागाहून जोडावेत. मराठी वाक्याला शब्दशः हातवारे जोडणे म्हणजे खुणांची भाषा नव्हे. तिचे व्याकरण स्वतंत्र आहे. अंध मुलांच्या कथेत चित्र हा घटक गौण ठरून ध्वनी व स्पर्श प्रधान होतात. नळाचे पाणी, गिरणीचा आवाज, देवळातील घंटा, एसटीचे इंजिन असे प्रत्यक्ष ध्वनी मुद्रित करून व कथेतील वस्तू हाती देऊन कथा रचता येते. अल्पदृष्टी मुलांसाठी गडद-फिक्या रंगांचा स्पष्ट विरोध व मोठी अक्षरे आवश्यक असतात.

गंभीर बहुविकलांगता असलेल्या मुलांसाठी पालुपदाच्या कथा विशेष उपयोगी पडतात. चिऊ-काऊ किंवा म्हातारी व भोपळा यांसारख्या परंपरागत मराठी कथांत तेच वाक्य परतपरत येते. ते वाक्य एका कळीवर मुद्रित करून योग्य क्षणी ती कळ दाबण्याचे काम मुलाकडे दिल्यास कथा त्याच्यावाचून पुढे सरकत नाही. श्रोत्यांनी त्याच्यासाठी थांबणे, हा अनुभवच पुष्कळदा त्याला नवा असतो.

कार्यपद्धती : वर्गातील काम सामान्यतः सहा टप्प्यांत चालते : अनुभव, स्मरण, निवड, रचना, मुद्रण व निवेदन. उदा., वर्गाने आठवडी बाजाराला भेट दिली. तेथे अध्यापकाने सुंदर दृश्ये न टिपता प्रत्येक मुलाच्या दृष्टीच्या पातळीवरून छायाचित्रे घ्यावीत. चाकाच्या खुर्चीतील मुलाला बाजार दिसतो तो टोपल्यांच्या उंचीवरून. शक्य तेथे छायाचित्रकच मुलाच्या हाती द्यावा. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ही चित्रे मोठ्या पटलावर दाखवून आठवणी जागवाव्यात. त्यानंतर प्रत्येक मुलाने चारपाच चित्रे निवडावीत. मिरच्यांच्या ढिगाऐवजी एखाद्याने झोपलेल्या कुत्र्याचेच चित्र तीनदा निवडले, तर कथा कुत्र्याची होईल; ती बाजाराचीच असावी असा आग्रह धरल्यास तो पाठ होतो, कथा होत नाही. निवडलेल्या चित्रांना क्रम लावून प्रत्येकी एक वाक्य जोडावे. एका तरी चित्राला ‘मला काय वाटले’ हे वाक्य जोडण्यास मुलाला उद्युक्त करावे. हे वाक्य शब्दाने, चित्रचिन्हाने, खुणेने किंवा चेहऱ्याच्या मुद्रित छायाचित्रानेही सांगता येते.

मुद्रणात मुलाचा स्वतःचा उच्चार, तो अस्पष्ट असला तरी, जपून ठेवावा व त्याखाली मजकूर द्यावा. जेथे मुलाला वाणीच नाही तेथे दुसऱ्याचा आवाज घ्यावा लागतो. तो शक्यतो त्याच वयाच्या व लिंगाच्या मुलाचा आणि त्याच्या घरच्या बोलीचा असावा. अहिराणी किंवा मालवणी घरातील मुलाच्या तोंडी प्रमाण मराठीतील प्रौढ शिक्षिकेचा आवाज घातल्यास घरच्या माणसांना ती कथा परक्याची वाटते. शेवटचा टप्पा निवेदनाचा. कथा वर्गाबाहेरच्या श्रोत्याला, आजीला, शेजारच्या वर्गाला किंवा शाळेच्या शिपायाला सांगितल्याशिवाय ती पूर्ण झाली असे मानू नये. कारण ज्याला ती आधीच ठाऊक आहे त्याला सांगणे हा केवळ सराव असतो.

कर्तृत्वाचा प्रश्न : या पद्धतीतील सर्वांत गंभीर धोका असा, की मुलाच्या नावावर साहाय्यकाची कथा खपून जाते. सफाईदार संगीत, डौलदार वाक्ये व भावपूर्ण शेवट असलेली कथा पाहुण्यांना भारावून टाकते. तीत मुलाने काय केले हे कोणी विचारीत नाही. या धोक्याचे एक इतिहासप्रसिद्ध उदाहरण आहे. साहाय्यकाने वाचाहीन व्यक्तीचा हात धरून कळफलकावर अक्षरे दाबण्यास मदत करण्याची ‘सुलभीकृत संप्रेषण’ ही पद्धत १९७० नंतरच्या दशकात ऑस्ट्रेलियात उदयास आली व १९९० च्या सुमारास अमेरिकेत झपाट्याने पसरली. ज्यांनी कधी शब्द उच्चारला नव्हता अशी मुले परिच्छेदच्या परिच्छेद लिहू लागल्याचे दिसले. तथापि साहाय्यकाला व मुलाला वेगवेगळी चित्रे दाखवून नियंत्रित चाचण्या घेतल्या असता, साहाय्यकाने पाहिलेल्या चित्राचेच नाव लिहिले जाते असे आढळून आले. साहाय्यक फसवीत नव्हते. आपण लिहीत आहोत याची त्यांनाच जाणीव नव्हती. अमेरिकन मानसशास्त्र संघाने १९९४ मध्ये या पद्धतीस शास्त्रीय आधार नसल्याचे जाहीर केले.

अंकीय कथेत हात धरला जात नसला, तरी दोन चित्रांपैकी एकाकडे अध्यापकाची नजर वळणे, ‘हेच ना?’ असे विचारणे, हवे ते चित्र मुलाच्या हाताजवळ ठेवणे अशा मार्गांनी तोच दोष शिरतो. त्यावर काही साधे उपाय आहेत. पर्यायांत ‘यांपैकी नाही’ व ‘चूक’ ही चिन्हे नेहमी असावीत. पर्यायांच्या जागा बदलून तोच प्रश्न पुन्हा विचारावा. अध्यापकाने मधूनमधून जाणीवपूर्वक चुकीचे वाक्य सुचवावे. मूल ते नाकारते की नाही यावरून निवड खरी आहे की नाही हे कळते. प्रसंगी हजर नसलेल्या व्यक्तीने कथा लिहून घ्यावी. तसेच प्रत्येक पानाची निवड मुलाने आपणहून केली, सूचनेनंतर केली की अध्यापकाने केली याची नोंद ठेवावी. दोनच वाक्यांची, खडबडीत, पण मुलाची स्वतःची कथा ही दहा पानांच्या उसन्या कथेपेक्षा अधिक मोलाची होय.

संमती व खाजगीपणा : अंकीय कथा क्षणात प्रसृत होते व परत घेणे दुष्कर असते. वर्गातील कथेत मुलाचा चेहरा, घर, आजार, मलमूत्रविसर्जनासारख्या खाजगी बाबी येऊ शकतात. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात मुलाचे मत विचारात घेण्याचा व २००६ च्या दिव्यांग हक्क करारात स्वतःच्या पसंतीच्या संप्रेषणमार्गाने अभिव्यक्त होण्याचा हक्क मान्य करण्यात आला आहे. भारताने दुसरा करार २००७ मध्ये अनुसमर्थित केला. भारतात २०२३ मध्ये संमत झालेल्या अंकीय वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीबाबत पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीची तरतूद आहे. पालकांची संमती आवश्यक असली, तरी ती पुरेशी मानू नये. कथा कोणाला दाखवावयाची हे मुलालाही चित्रांच्या साहाय्याने विचारता येते : घरी, वर्गात, सर्वांना, कोणालाच नाही. देणग्या मिळविण्यासाठी मुलांच्या कथांचा उपयोग करताना करुणा जागविणारा भाग निवडून घेण्याकडे कल होतो. ज्या मुलाने झोपलेल्या कुत्र्याची गंमत सांगितली, त्याचे दुःख दाखविणारी फीत बनविणे हा त्याच्या कथेचा विपर्यास होय.

मूल्यमापन व मर्यादा : कथेच्या सफाईवरून प्रगती मोजता येत नाही. घटनांचा क्रम, पात्रे, कारण व भावना यांपैकी किती घटक कथेत आले. किती साहाय्य लागले. साहाय्य क्रमाने घटले काय. मूल आपणहून कथा सांगू लागले काय. आणि साधन नसतानाही ते क्रमाने सांगू शकते काय, हे निकष अधिक भरवशाचे आहेत. या विषयावरील अभ्यास पुष्कळसे थोड्या मुलांवर व अल्प काळ केलेले आहेत. नव्या यंत्राच्या कुतूहलाने आरंभी वाढलेला उत्साह आणि टिकाऊ अध्ययन यांत त्यामुळे फरक करावा लागतो. यंत्राचे बिघडणे, वीज व जाळ्याचा अभाव, एका अध्यापकाकडे असलेली अनेक मुले आणि प्रत्येक कथेला लागणारा मोठा वेळ या व्यावहारिक अडचणी आहेत. यंत्र बंद पडले की मुलाची वाणी बंद पडू नये, यासाठी कथेची छापील चित्रपट्टीही वर्गात ठेवणे इष्ट असते.

भारतातील परिस्थिती : मुंबईत एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात कर्णबधिरांसाठी शाळा निघाली, तेव्हापासून महाराष्ट्रात विशेष शिक्षणाची परंपरा आहे. मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये मुंबई येथे स्थापन केलेल्या स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया या संस्थेमुळे मेंदूच्या पक्षाघाताने पीडित मुलांच्या शिक्षणाकडे व त्यांच्या संप्रेषणाकडे लक्ष वेधले गेले. विशेष अध्यापकांच्या प्रशिक्षणाचे नियमन भारतीय पुनर्वास परिषद अधिनियमान्वये (१९९२) होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये मान्य अक्षमतांची संख्या सातावरून एकवीस झाली. समावेशक शिक्षण आणि संवर्धी व पर्यायी संप्रेषणमार्गांचे प्रवर्तन ही शासनाची व स्थानिक प्राधिकरणांची जबाबदारी ठरविण्यात आली. भारतीय खुणांच्या भाषेचे संशोधन व प्रशिक्षण यांसाठी २०१५ मध्ये नवी दिल्ली येथे स्वतंत्र केंद्र स्थापन झाले.

समावेशक शिक्षणामुळे दिव्यांग मुले सर्वसाधारण शाळांतही येऊ लागली आहेत. तेथे ही पद्धत आणखी एक कार्य करते : वर्गातील इतर मुलांना या मुलाविषयी दुसऱ्याकडून ऐकण्याऐवजी त्याच्याकडूनच ऐकावयास मिळते. महागडी यंत्रसामग्री हा तिचा अडसर राहिलेला नाही. एक साधा भ्रमणध्वनी व चार छायाचित्रे एवढ्यावर ती उभी राहू शकते. तिला खरोखर लागतो तो वेळ आणि मूल आपले वाक्य पुरे करीपर्यंत थांबणारा श्रोता.